कोरडा रंग, ओला कागद

रंगाची पूड आणि पाणी यांची गाठ नेमकी कुठे पडते, या एका प्रश्नाभोवती पुडीच्या रंगांची सगळी विद्या फिरते. रांगोळीत ती गाठ पडतच नाही. पूड कोरडी पडते आणि दुसऱ्या दिवशी कोरडीच झाडली जाते. जुन्या नाशकातल्या रहाडींमध्ये ती दगडी हौदात पडते आणि रंगपंचमीला माणसेच त्या रंगात उड्या घेतात. पोथ्या रंगवणारा चितारी डिंकाच्या पाण्यात बोटाने पूड मळत ती शिंपल्यात घडवत असे. शाळेतल्या मुलाच्या रंगपेटीत ती कारखान्यातच पडून गेलेली असते. ओला कुंचला वाळलेल्या वडीला फक्त पुन्हा जागे करतो. या पुस्तकातल्या प्रयोगांत मात्र ती थेट कागदावर पडते. कोरडी पूड भुरभुरायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि रंग कुठवर धावतो, कुठे थबकतो, एका रंगातून कोणता दुसरा बाहेर येतो ते पाहायचे. पाहून झाले की त्याच कागदाचे भेटपत्र, आकाशकंदील, वहीचे वेष्टन, मुखवटा किंवा गणपतीच्या मखराची कमान करायची.

पहिल्या दिवशी हे सारे सोपे असते. चिमूटभर पुडीवर पाणी पडताच जो फुलोरा उमटतो, तो कोणालाही मोहात पाडतो. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. कालचा परिणाम आज मिळत नाही. एक रंग वाळल्यावर बोटाला लागतो, दुसरा लागत नाही. तिसरा महिन्याभरात खिडकीपाशी फिका पडतो. चौथ्याला चुन्याचा हात लागला की तो लाल होतो. हे असे का होते ते समजून घेतल्याशिवाय पुडीचा रंग हाती लागत नाही, आणि ते समजावून देण्याचे काम या पुस्तकाने अंगावर घेतले आहे.

पुडीचे रंग म्हणून जे मिळते त्याच्या मुळात दोन जाती आहेत. नवख्या माणसाचा बहुतेक गोंधळ हा भेद न कळल्याने होतो. काही रंग पाण्यात विरघळतात. त्यांचे कण दिसेनासे होतात, पाणीच रंगीत होते आणि ते कागदाच्या तंतूंत शिरते. काही विरघळत नाहीत. ते पाण्यात नुसते तरंगतात आणि पाणी उडाले की कागदावर कण म्हणून बसतात. कात पहिल्या जातीचा, गेरू दुसऱ्या. लेखिकेने त्यांना ‘मुरणारे’ आणि ‘बसणारे’ रंग म्हटले आहे, आणि मीही इथे तसेच म्हणतो. मुरणाऱ्या रंगाला डिंक लागत नाही, कारण तो तंतूंनाच धरतो. बसणाऱ्याला डिंक मिळाला नाही तर तो वाळल्यावर झटकला जातो. मुरणारा धावतो, पारदर्शक राहतो, पण उन्हात सहसा लवकर उडतो. बसणारा दाणेदार उतरतो, खालचे झाकतो आणि गेरूसारखा मातीचा असेल तर शतकानुशतके हलत नाही.

पुडीच्या रंगातली सर्वांत मोहक गोष्ट या मुरण्यातूनच येते. काळी किंवा तपकिरी दिसणारी पूड पुष्कळदा तीन-चार मुरणाऱ्या रंगांचे मिश्रण असते. ओल्या कागदावर त्यांतला प्रत्येक रंग आपापल्या वेगाने पुढे सरकतो आणि तपकिरीच्या कडेला नारिंगी, निळी, जांभळी झालर सुटते. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या पुडीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून त्यातले हिरवे-पिवळे रंग वेगळे केले, तेही याच तत्त्वावर. क्रोमॅटोग्राफी हे अवघड नाव नववी-दहावीच्या मुलाला पाठ करावे लागते. भेटपत्राच्या कागदावर ती प्रक्रिया त्याच्या डोळ्यांदेखत घडते. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवावा असा हा धडा आहे, आणि तो दोघांच्याही तासाला होत नाही याची मला खंत आहे.

महाराष्ट्रात पुडीच्या रंगाची परंपरा फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरचे गेरू, पिवळी माती, काजळ, चुना आणि हिरवी माती हे सगळे बसणारे रंग. पाचव्या शतकातल्या चित्रांत निळ्यासाठी लाजवर्द दिसतो, जो आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून येई. हिरवी माती मात्र घरची. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांना आतून हिरवे अस्तर असते. सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचे ते अस्तर म्हणजे चित्रकाराची हिरवी माती. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक झिओलाइटचे चमकदार स्फटिक पाहायला जातात. स्फटिक जिथे खडकाला चिकटतो, तिथे बुडाशी कधी कधी मळकट हिरवा थर दिसतो. रंगाचे वेड असलेल्याने तो थर शोधावा. ज्या दगडावर नाशिक जिल्हा उभा आहे त्याच्या पोटातच एक टिकाऊ रंग आहे, हे त्या नमुन्यांपुढे उभे राहिल्यावर पटते.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकलेचाही विचार आहे. शंखाची पूड, हिंगूळ, गेरू, हरताळ, नीळ, काजळ यांच्याबरोबर वज्रलेप नावाच्या, म्हशीच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाची कृती त्यात येते. रंगाइतकीच त्याला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याची काळजी त्या काळी घेतली जात होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज हौसेने पुड्या विकत घेणारे नेमके हेच विसरतात. रंग दिसतो म्हणून लक्षात राहतो. डिंक दिसत नाही.

पुढे कागद आला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातली कागद बनवण्याची परंपरा चौदाव्या शतकातल्या मुहम्मद तुघलकाच्या राजधानी-स्थलांतराशी जोडली जाते. जुन्नरचा कागदही दप्तरखान्यांत नावाजलेला होता. या कागदांना खळ लावून, वर गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणत, म्हणजे शाई फुटत नसे. पोथीचा मजकूर काजळ आणि डिंकाच्या शाईने, मथळे व दंड हिंगुळाने, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ, अशी त्या लेखणीची रीत होती. आपल्या गोदावरीच्याच काठी, खाली पैठणला, चित्रकथी परंपरेतली मोठी कथाचित्रे कागदावर रंगली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. तो रंग सपाट, दाट आणि कडेला रेषेने बांधलेला असतो. तिथे पाण्याला मोकळे सोडलेले नाही.

पाण्याला मोकळे सोडणारी परंपराही दख्खनमध्येच होती. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत अबरीची चित्रे झाली. तबकातल्या दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगत सोडायचा, काडीने किंवा फणीने हलवायचा आणि वरून कागद टेकवून तो नक्षीसकट उचलून घ्यायचा. दख्खनी चितारी अबरीच्या कागदाची नुसती पार्श्वभूमी न करता घोड्याचे किंवा हत्तीचे अंगही अबरीने भरत. आजच्या पुडीच्या प्रयोगांचे जवळचे नाते शोधायचे तर ते इथे सापडते, कारण इथेही अर्धे काम हाताचे आणि अर्धे पाण्याचे आहे.

मग युरोपात एक बदल झाला, त्याचे परिणाम आपण अजून भोगतो. १७८०च्या सुमारास लंडनच्या रीव्हज बंधूंनी जलरंगाच्या तयार वड्या आणल्या. १८३२मध्ये विन्सर अँड न्यूटन ही कंपनी सुरू झाली आणि लवकरच ग्लिसरीन घातलेले, ओलसर राहणारे जलरंग बाजारात आले. चित्रकाराची सोय झाली, चित्रकला उघड्यावर, निसर्गात गेली. पण रंग बनवणारा आणि रंगवणारा हे दोघे तिथे कायमचे वेगळे झाले. पूड, डिंक, मध यांचे प्रमाण कारखान्यात ठरू लागले. १८५७मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आपल्याकडे जलरंग रुजला तो या तयार रूपात. त्यातून केवढे काम उभे राहिले हे सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. दिव्याच्या उजेडातली ती स्त्री तैलरंगात नाही, जलरंगात आहे. नाशिकनेही या पारदर्शक जलरंगावर जिवापाड प्रेम केले. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी इथल्या निसर्गचित्रांना चेहरा दिला. नाशकात आजही ‘जलरंग’ म्हटले की घाट, देवळे, वाडे आणि ओल्या कागदावर झरझर उतरणारा कुंचला हेच डोळ्यांपुढे येते. या परंपरेचा मी चाहता आहे. पण तिच्या तेजामुळे जलरंगाची दुसरी रूपे, विशेषतः हस्तकलेतली, कमी प्रतीची मानली गेली, हेही खरे.

दरम्यान पूड घराघरांत शिल्लक होतीच. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाने, ज्याला पुढे कॅम्लिन हे नाव मिळाले, पहिल्यांदा विकली ती शाईची पूड आणि शाईच्या वड्या. पाण्यात कालवून दौतीत भरायची शाई ही एका अख्ख्या पिढीची पुडीच्या रंगाशी झालेली पहिली ओळख. आज हस्तकलेच्या जगात ज्या छोट्या डब्या गाजतात, त्या रसायनाच्या दृष्टीने या शाईच्या पुडीच्या फार दूरच्या नाहीत. शेफील्डचा ब्रुशो त्यांत सर्वांत परिचित. स्फटिकासारखा दाणा, तीव्र रंग, आणि झाकण न उघडता त्याला टाचणीने भोक पाडून मिरपुडीसारखी भुरभुरण्याची रीत. मूळचा शाळांमध्ये रुळलेला हा रंग भेटपत्रे आणि चिकटवह्या करणाऱ्यांनी उचलला आणि त्यामागोमाग अमेरिकेतल्या उत्पादकांच्या पुड्या आल्या: कोणी अभ्रकाची चमक घातली, कोणी दोन-तीन रंग एकत्र केले, कोणी अक्रोडाच्या नावाने तपकिरी स्फटिक विकले. हे अक्रोडाचे स्फटिक बहुतेक वेळा अक्रोडाचे नसून दलदलीत कुजून साठलेल्या वनस्पतिजन्य मातीचे असतात. रंग सुरेखच असतो. फक्त नावावर विसंबू नये.

आज या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे ढोबळ मानाने तीन पंथ दिसतात. पहिला पंथ सांडण्या-फवारण्याचा: पूड टाका, पाणी मारा, जे होईल त्यातून सुंदर तुकडा कापून घ्या. दुसरा पंथ बांधणीचा: पुडीत डिंक मळून आपला जलरंग आपणच तयार करा आणि मग ठरवून रंगवा. तिसरा पंथ अडवण्याचा: मेण, गोंद, साचा, कापलेला कागद यांनी रंगाची वाट अडवून नक्षी काढा. मथुरेची सांझी, जिथे बारीक कापलेल्या कागदातून कोरडी पूड गाळून चित्र उमटवतात, ती या तिसऱ्या पंथाची सर्वांत परिष्कृत वडीलधारी म्हणावी लागेल. आपल्या दारातले रांगोळीचे छाप हे तिचेच साधे नातलग. पहिल्या पंथाकडे सर्वाधिक लोक जातात आणि तिथेच थांबतात. माझे स्पष्ट मत असे की पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात ज्ञान आहे आणि तिसऱ्यात कारागिरी आहे, आणि कागदाची वस्तू करायची तर तिन्ही लागतात. हे पुस्तक एका पंथाचे नाही, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

नाशिक हे अशा पुस्तकाचे योग्य ठिकाण का, याचे उत्तर जिल्ह्याच्या नकाशावर आहे. शहरात शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी आहेत. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, रंगपंचमीला उघडतात, आणि प्रत्येक रहाडीचा आपला रंग ठरलेला. फुलांपासून रंग काढण्याची आणि तो मोठ्या प्रमाणावर पाण्यात उतरवण्याची समज या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. येवल्याला पैठणीबरोबर पतंग आहे. संक्रांतीला तिथल्या गच्च्या आणि आसाऱ्या पाहिल्या की कागद किती हलका असू शकतो ते कळते. पतंगाच्या कागदाला पाणी सोसत नाही, तो लगेच सुरकुततो. त्यामुळे पुडीच्या कामात त्याच्यासाठी वेगळीच, जवळजवळ कोरडी रीत शोधावी लागते. आणि पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागात आणि लगतच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा हा मुखवट्यांच्या नाचाचा उत्सव आहे. बोहाड्याचे मुखवटे लाकडाचे असतात तसे कागदाच्या लगद्याचेही. लगद्यावर रंग बसतो कसा, तडकतो कधी, घामाने उतरतो का, हे तिथले कारागीर आपल्या हातांनी जाणतात. कागदकाम आणि पुडीचा रंग यांची खरी, जिवंत, जोखमीची भेट मला तिथे दिसते, कारण मुखवटा भिंतीवर टांगायचा नसतो. तो चेहऱ्यावर चढवून रात्रभर नाचायचे असते.

याच पट्ट्यात वारली वस्ती आहे, आणि वारली चित्रांनी भिंतीवरून कागदावर येण्याचा मोठा प्रवास केला आहे. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकापासून कागदावर आणि कापडावर काम केले. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. भिंतीवर गेरूचा किंवा शेणमातीचा लेप आणि वर तांदळाच्या पिठाचा पांढरा, ही मूळ रीत. कागदावर येताना आधार बदलला तसा बांधणीचा प्रश्न आला, कारण भिंत पीठ आपल्यात ओढून घेते, कागद तितके घेत नाही. भिंतीचा रंग कागदावर आणायचा तर त्याला नव्याने काय द्यावे लागते, हा प्रश्न या पुस्तकातल्या निम्म्या प्रयोगांच्या मुळाशी आहे.

लेखिकेने सुरुवात परदेशी डब्यांपासून केली नाही, आणि इथे तिचा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिने स्वयंपाकघर, देवघर आणि किराणा दुकान यांतल्या पुड्या आधी घेतल्या. कपड्यांची नीळ घ्या. पूर्वी पुडीच्या रूपात मिळणारी ती नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ते बनवण्याची कृती सापडली. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर अजिंठ्याच्या लाजवर्दातला निळा आणि हा निळा एकाच कुळातले. प्रकाशात तो उत्तम टिकतो, पण आम्लाला घाबरतो: लिंबाचा रस पडला की रंग उडतो आणि गंधकाचा वास येतो. हल्ली बाटलीत मिळणारी पातळ नीळ मात्र वेगळी, ती मुरणाऱ्या जातीची. एकाच कामाच्या दोन वस्तू कागदावर इतक्या निराळ्या वागतात की नवख्याने दोन्हींचे ठिपके शेजारी शेजारी काढून पाहावेत.

हळदीचे प्रकरण आणखी बोलके आहे. तिचा पिवळा कागदावर पडताक्षणी फुलतो, क्षाराने, म्हणजे चुन्याने किंवा धुण्याच्या सोड्याने, लालसर होतो, तुरटी लागली की पुन्हा पिवळ्याकडे वळतो आणि उन्हात टिकत नाही. म्हणून हळद टिकाऊ वस्तूला चालणार नाही, पण मुलांना रंगाचे रसायन शिकवायला तिच्याइतकी चांगली पूड नाही. कात मुरतो, उबदार तपकिरी देतो. त्यावर हिराकसाचे पाणी पडले की काळपट होतो. हिरडा आणि हिराकस यांची तर जुनी काळी शाईच होत असे, मात्र असली लोखंडी शाई काळाबरोबर कागद खाते, तेव्हा जपून. बाजारातली रंगीत रांगोळी म्हणजे दगडाच्या पुडीवर चढवलेला रंग. ओल्या कागदावर रंग सुटून धावतो आणि दगडी कण मागे उरतात. ते कण झटकायचे की पोत म्हणून ठेवायचे, हा निर्णय करणाऱ्याचा. काळ्या द्राक्षांच्या सालीची पूड नाशिकच्या अभिमानापोटी पुस्तकात आली आहे. तिचा जांभळा लोभस असतो, पण तो प्रकाशात टिकत नाही, आणि माझ्या मते तिला दोन पाने कमी दिली असती तरी चालले असते.

डिंकाचा भाग मात्र दोन पाने वाढवावा असा आहे. जलरंगाला धरणारा पारंपरिक डिंक आफ्रिकेतल्या बाभळीच्या कुळातला. आपल्याकडे बाभळीचा आणि धावड्याचा डिंक मिळतो, बाळंतिणीच्या लाडवांसाठी घरोघर येतो. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, वाळल्यावर तडकू नये म्हणून थोडा मध, बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. ही झाली बांधणीच्या पंथाची रीत. भुरभुरण्यासाठी मात्र ओला डिंक कामाचा नाही; तिथे डिंक कुटून वस्त्रगाळ करून कोरडाच रंगाच्या पुडीत मिसळतात. पाणी पडले की डिंक आणि रंग एकाच वेळी जागे होतात आणि गेरूसारखी हट्टी पूडही कागदाला धरून बसते. पुस्तकातल्या सगळ्या कृतींत मला ही सर्वांत उपयोगी वाटली, कारण तिने स्थानिक मातीचा रंग आणि फवाऱ्याची परदेशी रीत यांची सोयरीक जमवली.

कागदाबद्दलही आपण फार ढिलाई करतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद पाणी सोसतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण पुडीच्या कामात वजनापेक्षा खळ जास्त बोलते. खळ भरपूर असलेल्या कागदावर पाणी वर रेंगाळते, रंगांना वेगळे व्हायला वेळ मिळतो. खळ कमी असेल तर पाणी तत्काळ शोषले जाते आणि प्रत्येक कण जिथे पडला तिथेच ठिपका होऊन राहतो. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी उभ्या केलेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांचा कागद आपल्याकडे पुन्हा रुळवला. असा हातकागद वेगवेगळ्या खळीचा घेऊन एकच पूड टाकून पाहिली, तर चार निरनिराळे रंग वापरल्याचा भास होतो. हवाही मध्ये येते. नाशिकच्या एप्रिलात पाणी रंगाला धावू देण्याआधीच उडते. श्रावणात तीच पूड डबीत गोळा होते आणि कागद दुपारपर्यंत वाळत नाही. लेखिकेने प्रत्येक कृतीशेजारी ऋतू नोंदवला आहे, तो यासाठी.

वस्तू कोणती करायची त्यावर रंगाची जात ठरते, हेही तिने वारंवार सांगितले आहे. आकाशकंदिलाला मुरणारा रंग हवा, कारण दिवा मागे असतो. बसणारा रंग उजेड अडवतो आणि दिवसा तेजस्वी दिसलेला गेरू रात्री काळपट डाग होतो. मखराला आणि मुखवट्याला उलट. वहीच्या वेष्टनाला हात लागतो, घाम लागतो. तिथे डिंकावर थांबून चालत नाही, वरून मेणाचा हात द्यावा लागतो.

आज याची निकड का, ते सांगायला फार शब्द नकोत. २०१८च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर महाराष्ट्रातल्या मखरांचा आणि सजावटींचा भार कागदावर आला, आणि कागदाला रंगवायला पुष्कळ जण तेच प्लास्टिकयुक्त फवारे घेऊ लागले. रंगपंचमीचा आणि रांगोळीचा रंग कशाचा असतो, याची विचारणा घराघरांत होते आहे. मुले दिवसातले कितीतरी तास काचेवर बोट फिरवतात. पुडीचा रंग त्यांना हाताने घडणारी आणि पुसून मागे न घेता येणारी गोष्ट देतो. कार्यानुभवाच्या तासाला हा विषय येऊ शकतो, खर्च नगण्य आहे, आणि शिक्षकाला विज्ञान, इतिहास व भूगोल एकाच कागदावर मांडता येतात.

एक गोष्ट कळकळीने. पूड उडते आणि श्वासात जाते. बारीक पूड हाताळताना पंखा बंद, नाकावर मुखपट्टी, खाली ओला कागद, हे नियम मोडू नयेत. खाण्याची भांडी आणि रंगाची भांडी वेगळी. जुन्या चिताऱ्यांच्या यादीतले हिंगूळ, हरताळ आणि शेंदूर या पुस्तकात कृतीसाठी दिलेले नाहीत, कारण त्यांत अनुक्रमे पारा, आर्सेनिक आणि शिसे असते. परंपरेबद्दल कितीही आदर असला तरी मुलांच्या हाती ते देता कामा नये, आणि लेखिकेने या बाबतीत तडजोड केली नाही याबद्दल मी तिचा आभारी आहे. चमकीच्या पुड्यांना दिलेली जागा मला थोडी जास्त वाटते. पण अभ्रकावर टायटेनियम डायऑक्साइडचा थर चढवून ती चमक कशी मिळते, याचे विवेचन इतके स्वच्छ आहे की तक्रार मागे घ्यावीशी वाटते.

पुस्तकाने काय केलेले नाही तेही सांगायला हवे. हे चित्रकलेचे पाठ्यपुस्तक नाही, चित्र कसे रचावे ते यात नाही. हा परंपरागत कलांचा कोशही नाही. बोहाड्यावर, रहाडींवर, पैठणच्या चित्रांवर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवेत. इथे आहेत त्या नोंदी: कोणती पूड, किती, कोणत्या कागदावर, कोणत्या महिन्यात, पाणी आधी की नंतर, आणि खिडकीपाशी अर्धी झाकून ठेवलेली पट्टी काही महिन्यांनी कशी दिसली. नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांतला फरकही नोंदला आहे, कारण जड पाण्यातले क्षार काही मुरणाऱ्या रंगांना बदलतात. फसलेले तुकडेही छापले आहेत, यशस्वी तुकड्यांच्या बरोबरीने आणि त्याच आकारात.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नये. पहिला आठवडा गेरू आणि कात या दोनच पुड्यांवर काढावा. दोन्ही तपकिरीकडे झुकणाऱ्या, एक बसणारी, एक मुरणारी. एकाच कागदाच्या दोन टोकांना टाकून, एकाच फवाऱ्याने भिजवून, वाळल्यावर बोट फिरवून पाहावे. मग गेरूत वस्त्रगाळ डिंक मिसळून तेच पुन्हा करावे. या तीन पट्ट्यांच्या मागे तारीख, कागद आणि पाणी लिहून त्या खिडकीत लावाव्यात. त्यानंतर नीळ घ्यावी.